एरोस्पेसचे परदेशी शिक्षण : मदत कुठून मिळते, अर्ज कुठे अडतो?

गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू हे गाव बेळगावकरांना काही लांब नाही. याच गावात १९०८ साली विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. पुढे ते जर्मनीतील गॉटिंगेनला गेले आणि वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. मायदेशी परतल्यावर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा तयार झाला. १९५१ मध्ये हे विमान आकाशात झेपावले.

आज सीमाभागातला, इंदूरचा, बडोद्याचा किंवा हैदराबादचा मराठी मुलगा-मुलगी एरोस्पेस शिकायला बाहेर जायचे म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न एकच असतो, ‘पैसे कुठून आणायचे?’ दुसरा प्रश्न सहसा उशिरा लक्षात येतो. तो म्हणजे, ‘आपण कोणत्या राज्याच्या योजनेत बसतो?’ राज्याच्या सीमेजवळ राहणाऱ्यांचे अर्ज या दुसऱ्या प्रश्नावरच जास्त अडतात. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी मिळावीत म्हणून ही माहिती.

आधी शिक्षणाचा टप्पा ठरवा

मदत कुठल्या टप्प्यावर किती मिळते, हे समजले की निम्मे काम होते. बारावीनंतर थेट परदेशात पदवीला जायचे असेल, तर शिष्यवृत्त्या फार थोड्या आहेत. बहुतेक सरकारी योजना आणि ट्रस्ट पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठीच पैसे देतात. त्यामुळे पदवी इथेच, म्हणजे व्हीटीयूच्या कॉलेजात, आयआयटीत किंवा तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत करून पुढे बाहेर जाणे हा मार्ग खिशाला परवडणारा ठरतो. पदवी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची असली तरी अनेक परदेशी विद्यापीठे एरोस्पेसच्या मास्टर्सला प्रवेश देतात. मात्र त्यासाठी फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रक्चर्स, कंट्रोल हे विषय गुणपत्रिकेत दिसले पाहिजेत.

मास्टर्ससाठी शिष्यवृत्ती, बिनव्याजी कर्ज आणि बँकेचे कर्ज अशी मोट बांधावी लागते. पीएच.डी.चे गणित वेगळे आहे. अमेरिकेत चांगल्या विभागात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की बहुधा रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिप मिळते. त्यात फी माफ होते आणि महिन्याला भत्ताही मिळतो. जर्मनी, नेदरलँड्समध्ये तर पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतेक वेळा पगारी कर्मचारीच असतो. संशोधनाची खरी आवड असलेल्याने मास्टर्ससाठी मोठे कर्ज काढण्याआधी या वाटेचा विचार करावा.

भारत सरकारची मदत

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’ अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील मुलांसाठी आहे. वर्षाला १२५ जागा असून त्यातील ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण आणि क्यूएस यादीतील पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकात प्रवेश, या मुख्य अटी. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी योजना असून तिच्या वर्षाला २० जागा आहेत. या योजना केंद्राच्या असल्याने उमेदवार बेळगावचा, कोल्हापूरचा की ग्वाल्हेरचा, याने फरक पडत नाही. सीमाभागातील पात्र विद्यार्थ्यांनी म्हणूनच पहिला अर्ज इथे करावा.

जुनी माहिती मात्र तपासून घ्यावी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षण कर्जावरील व्याजाची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तरी तिचे नाव अजून सांगोवांगी फिरते. २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना देशातील निवडक संस्थांमधील शिक्षणासाठी आहे. परदेशी विद्यापीठांना ती लागू नाही.

भारतात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी फ्रान्समधील संशोधनाकरिता ‘रामन-शार्पाक’ फेलोशिप आहे. परिषदेत पेपर वाचायला जाणाऱ्या तरुण संशोधकांना केंद्राच्या संशोधन निधी संस्थेकडून, म्हणजे पूर्वीच्या सर्बकडून आणि आताच्या एएनआरएफकडून, प्रवासखर्चासाठी अर्ज करता येतो.

राज्य बदलले की दाखलाही बदलतो

राज्यांच्या योजना भरपूर आहेत, पण प्रत्येक योजनेत रहिवासाची अट आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी ‘राजर्षी शाहू महाराज परदेशी शिक्षण शिष्यवृत्ती’ आहे आणि तिच्या ७५ जागा आहेत. मराठा, कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीमार्फत ‘महाराजा सयाजीराव गायकवाड’ यांच्या नावाची ७५ जणांची शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि खुल्या प्रवर्गासाठीही वेगळ्या योजना आहेत. या सर्वांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि मागास प्रवर्गासाठी महाराष्ट्राने दिलेला जातीचा दाखलाही लागतो.

घोळ नेमका इथेच होतो. वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात ‘टाइप ई’ अशी वेगळी सोय आहे. त्यामुळे ‘आपल्याला महाराष्ट्राच्या सगळ्याच सवलती मिळतात’ असा समज खानापूर, निपाणी भागात आहे. प्रवेशाची सवलत आणि परदेशी शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीच्या त्या वर्षीच्या जाहिरातीत सीमाभागाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच तिच्या भरवशावर राहावे. नसेल तर संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘हो’वर मुदत घालवू नये.

जातीच्या प्रवर्गाचेही तसेच. कर्नाटकात मराठा समाज ‘३ ब’ प्रवर्गात येतो, महाराष्ट्रात प्रवर्ग वेगळा. एका भावाचे घर चंदगडला आणि दुसऱ्याचे बेळगावला असेल, तर चुलत भावंडांचे दाखले वेगळे आणि योजनाही वेगळ्या. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या योजनेला जोडला की अर्ज छाननीतच बाद होतो.

कर्नाटकात समाजकल्याण खात्याची अनुसूचित जाती-जमातींसाठी ‘प्रबुद्ध’ ही परदेशी शिष्यवृत्ती आहे. अल्पसंख्याक विकास महामंडळ परदेशी शिक्षणासाठी कर्ज देते. मागासवर्गीयांच्या महामंडळांकडे दरवर्षीच्या योजनांची चौकशी करावी. जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून वेळेत काढून ठेवले तर शेवटच्या आठवड्यातली पळापळ वाचते.

तेलंगणात अनुसूचित जाती-जमातींसाठी ‘आंबेडकर ओव्हरसीज विद्या निधी’, तर मागासवर्गीयांसाठी ‘महात्मा जोतिबा फुले’ यांच्या नावाचा विद्या निधी आहे. दोन्हींत २० लाखांपर्यंत मदत मिळते. हैदराबादच्या मराठी कुटुंबांपैकी जे या प्रवर्गांत बसतात आणि तिथले रहिवासी आहेत, त्यांनी ही योजना सोडू नये. गुजरातमध्ये बिनराखीव वर्गासाठीच्या महामंडळाकडून १५ लाखांपर्यंतचे कर्ज ४ टक्के व्याजाने मिळते. बडोद्याच्या अनेक मराठी घरांना ते उपयोगी पडण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात प्रवर्गनिहाय विदेश अध्ययन शिष्यवृत्त्या असून त्यात खुल्या प्रवर्गालाही जागा आहेत. गोव्यात ‘मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स’ ही योजना आणि शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. दोन्हींना गोव्यातील रहिवास लागतो.

ट्रस्टची मदत : जात, राज्य न पाहता

जे कोणत्याच सरकारी चौकटीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी जुने ट्रस्ट हा मोठा आधार आहे.

जे. एन. टाटा एंडोमेंटची स्थापना १८९२ ची. सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हेही टाटा स्कॉलर म्हणूनच केंब्रिजला गेले. ही ‘लोन स्कॉलरशिप’ आहे, म्हणजे रक्कम परत करायची असते. चांगली कामगिरी केल्यास काही भाग भेट म्हणूनही मिळू शकतो. निवड गुण आणि मुलाखतीवर होते.

के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. पहिल्या तिघांना प्रत्येकी १० लाखांपर्यंत आणि बाकीच्यांना ५ लाखांपर्यंत अशी तिची रचना राहिली आहे. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनचीही अशीच बिनव्याजी योजना आहे.

काही मोठ्या नावांमागे एरोस्पेसवाल्यांनी वेळ घालवू नये. इनलॅक्स शिवदासानी शिष्यवृत्ती अभियांत्रिकीला देत नाहीत. फुलब्राइट-नेहरूची मास्टर्स फेलोशिपही अभियांत्रिकीसाठी नाही. ब्रिटनच्या चिव्हनिंगला विषयाचे बंधन नाही, पण २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, कामाचा अनुभव लागतो. शिक्षण झाल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अटही आहे.

एरोस्पेससाठी खास संधी

मुलींसाठी सर्वात नावाजलेली म्हणजे झोंटा इंटरनॅशनलची अमेलिया इअरहार्ट फेलोशिप. ती १९३८ पासून चालू आहे. एरोस्पेस अभियांत्रिकी किंवा अंतराळ विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या कोणत्याही देशाच्या महिलेला अर्ज करता येतो. रक्कम १० हजार डॉलर. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर संपते.

जर्मनीत जर्मन अंतराळ संस्था डीएलआर आणि डाड यांची संयुक्त फेलोशिप पीएच.डी. आणि पुढच्या संशोधकांसाठी आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना डाडच्या ‘वाइज’ योजनेतून उन्हाळ्यात जर्मन प्रयोगशाळेत काम करता येते. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबालिंक इंटर्नशिपही तशीच, बारा आठवड्यांची. अशी एक इंटर्नशिप झाली की पुढे शिफारसपत्राला वजन येते.

नेदरलँड्समधील टीयू डेल्फ्टमध्ये मास्टर्ससाठी ‘जस्टस अँड लुईस व्हॅन एफेन’ शिष्यवृत्ती आहे. त्यात फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही येतात. फ्रान्समध्ये तुलूझचे इसाए-सुपाएरो हे या विषयाचे मोठे केंद्र. तिथल्या ‘आयफेल’ शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थ्याने करायचा नसतो, संस्थाच नाव पाठवते. म्हणून प्रवेशाचा अर्ज लवकर करून संस्थेला तसे कळवावे लागते. मास्टर्ससाठी वयाची मर्यादा २५ आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीत महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि फी भरावी लागत नाही. त्यातील अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी बदलते. जपानची मेक्स्ट शिष्यवृत्ती दूतावासामार्फत मिळते.

आयआयएसटीच्या एरोस्पेसमधील अव्वल विद्यार्थ्याला अमेरिकेतील कॅलटेकमध्ये मास्टर्स करण्यासाठी सतीश धवन यांच्या नावाची फेलोशिप आहे. स्वतः धवन १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवरच अमेरिकेला गेले होते आणि १९५१ मध्ये कॅलटेकमधूनच त्यांनी डॉक्टरेट घेतली.

शिकाल, पण नोकरी?

हा भाग एजंट सहसा सांगत नाहीत. अमेरिकेत ‘आयटार’ नावाचे निर्यात-नियंत्रण नियम आहेत. रॉकेट, उपग्रह, लढाऊ विमाने यांच्याशी संबंधित तांत्रिक माहिती नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांना परवान्याशिवाय देता येत नाही. त्यामुळे बहुतेक अंतराळ आणि संरक्षण कंपन्यांत भारतीय विद्यार्थ्याला सरळ नोकरी मिळत नाही. नासाच्या बहुतांश इंटर्नशिपही अमेरिकन नागरिकांसाठीच असतात. युरोपीय अंतराळ संस्थेच्या इंटर्नशिप सदस्य आणि सहकारी देशांच्या नागरिकांसाठी असतात, त्यात भारत येत नाही.

याचा अर्थ जाऊच नये असा नाही. विद्यापीठांतील मूलभूत संशोधन, संगणकीय वायुगतिशास्त्र, कंपोझिट्स, ऊर्जा, वाहन उद्योग, नागरी विमानसेवा अशी क्षेत्रे बऱ्याच अंशी मोकळी आहेत. विषय आणि मार्गदर्शक निवडताना हे डोळ्यांसमोर ठेवावे एवढेच. ३०-४० लाखांचे कर्ज ‘रॉकेट कंपनीत नोकरी लागेल’ या आशेवर काढू नये.

परत यायचे ठरवले तर आता घराजवळही कामाच्या जागा आहेत. बेळगावजवळ हत्तरगीला एक्वस कंपनीचे एरोस्पेस सेझ आहे. बडोद्यात टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. हैदराबादेत डीआरडीओच्या प्रयोगशाळा आणि विमानाचे सुटे भाग बनवणारे मोठे उद्योग आहेत.

कर्जाचा हिशेब कागदावर मांडा

समजा, मास्टर्ससाठी ३० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढले आणि पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली. शिकत असताना सरळ व्याज महिन्याला २५ हजार, म्हणजे दोन वर्षांत ६ लाख. ते भरले नाही तर परतफेडीच्या वेळी मुद्दल ३६ लाख होते. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता साधारण ४७ हजार ६०० रुपये येतो.

आता त्यात ५ लाखांची शिष्यवृत्ती मिळून कर्ज २५ लाखांवर आले, तर हप्ता सुमारे ३९ हजार ६०० होतो. महिन्याला ८ हजारांच्या आसपास, तर दहा वर्षांत साडेनऊ लाखांची बचत. ते ५ लाख बिनव्याजी कर्ज म्हणून मिळाले आणि परत करावे लागले, तरी साडेचार लाख वाचतात. म्हणून छोटी रक्कम आहे म्हणून अर्ज टाळू नये. शिकत असताना निदान व्याज तरी घरून भरत राहिल्यास मुद्दल फुगत नाही.

बँकेत जाताना आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बहुधा तारण लागत नाही. त्यावरच्या कर्जाला घर, प्लॉट किंवा ठेव तारण मागतात. तारणाचा उतारा आईवडील, काका अशा अनेकांच्या नावे असेल तर सर्वांच्या सह्या लागतात. वाटणी झालेली नसेल तर यात महिने जातात. कलम ८०ई खाली व्याजावर आठ वर्षे प्राप्तिकर सवलत आहे, पण फक्त जुनी करप्रणाली घेणाऱ्यांना. परदेशी पैसे पाठवताना १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस कापला जात नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर तो लागतच नाही.

देशाप्रमाणे खर्चही बदलतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण सरसकट तसे समजू नये. स्टुटगार्टला युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या टीयूएममध्ये मास्टर्सला २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून ४ ते ६ हजार युरो फी सुरू झाली. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ही रक्कम अधूनमधून वाढते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज त्याचा करावा.

कागदपत्रे : सीमाभागाच्या खास अडचणी

१ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव बदलले. त्यामुळे जन्मदाखल्यावर बेळगाव, पदवीवर बेळगावी, असे होते. नावाच्या स्पेलिंगचेही तसेच. मराठी शाळेतल्या दाखल्यावर एक, व्हीटीयूच्या गुणपत्रिकेवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रमही कर्नाटकातील कागदपत्रांत वेगळा असू शकतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षातच सर्व कागद समोर ठेवून पासपोर्टप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी. जिथे दुरुस्ती शक्य नाही, तिथे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे.

प्रमाणपत्रांचे साक्षांकन साधारणपणे ती ज्या राज्याने दिली तिथूनच होते. पदवी व्हीटीयूची आणि घर कोल्हापुरात असेल, तरी काम कर्नाटकातच करावे लागते. मराठी किंवा कन्नडमधील दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर अधिकृत अनुवादकाकडूनच घ्यावे.

अर्जांचे वर्ष साधारण असे चालते. ऑगस्ट ते ऑक्टोबर चिव्हनिंग, ऑक्टोबर ते जानेवारी इरॅस्मस मुंडस आणि फ्रान्सचे प्रवेश, नोव्हेंबरमध्ये अमेलिया इअरहार्ट, डिसेंबरमध्ये अमेरिकेतील बहुतेक पीएच.डी. प्रवेश, जानेवारीपासून पुढे ट्रस्ट आणि सरकारी योजना. म्हणजे पुढच्या सप्टेंबरला जायचे असेल तर या वर्षीच्या जूनमध्ये तयारी सुरू व्हायला हवी.

समाजाने काय करावे?

१९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या महिन्याला साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ती तीन वर्षांसाठी होती. आज संस्थाने नाहीत, पण इंदूर, बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर, बेळगाव इथली मराठी मंडळे, वाचनालये आणि सहकारी पतसंस्था आहेत. त्यांना पूर्ण शिक्षणाचा खर्च झेपणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

बरेच होतकरू विद्यार्थी फीच्या आधीच, अर्जाच्या टप्प्यावर गळतात. इंग्रजीची परीक्षा, जीआरई, चार-पाच विद्यापीठांचे अर्जशुल्क, ट्रान्स्क्रिप्ट, एपीएस, व्हिसा, पहिले विमानतिकीट हे खर्च बँकेचे कर्ज मिळण्याआधी करावे लागतात आणि तेव्हा हातात काही नसते. एखाद्या मंडळाने वर्षाला दोन-तीन मुलांचा एवढाच खर्च उचलला, पुढे नोकरी लागल्यावर परत करण्याच्या बोलीवर, तर तोच पैसा पुढच्या मुलाला वापरता येतो. पतसंस्थांना तारणाविना छोटे, अल्पमुदतीचे कर्ज देता येईल. कॉलेजांनी माजी विद्यार्थ्यांची यादी करून परदेशात शिकणाऱ्यांशी मुलांची गाठ घालून द्यावी. मुलाखतीचा सराव आणि उद्देशपत्र तपासणे याला पैसा लागत नाही, शनिवारची एक संध्याकाळ पुरते.

विद्यार्थ्यांनी सुरुवातीला तीन कामे करावीत. पासपोर्टवरचे नाव सर्व कागदांशी ताडून पाहावे. आपण कोणत्या राज्याचे रहिवासी म्हणून अर्ज करणार, हे घरच्यांसोबत बसून एकदाच ठरवावे. आणि ज्या योजनेत आपण बसतो, तिची चालू वर्षाची जाहिरात स्वतः पूर्ण वाचावी. कुणाच्या सांगण्यावर अर्ज सोडू नये आणि कुणाच्या सांगण्यावर भरूही नये.